बेदाणा शेडमधल्या रास्पबेरी पायला वाय-फाय का मिळत नाही: आधी कुठे अडलंय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातल्या एका बागायतदाराने बेदाणा शेडमधलं तापमान आणि आर्द्रता मोजायला रास्पबेरी पाय थ्री मॉडेल बी, म्हणजे एकाच बोर्डावरचा छोटा संगणक, सेकंड-हँड घेतला. विकणाऱ्याने दिलेल्या मेमरी कार्डवर तो घरी वाय-फायला जोडला जायचा, शेडमध्ये नेला की जोडणी तुटायची. ओएस बिघडली असेल असं समजून त्यांनी कार्ड फॉरमॅट करून नवी रास्पबेरी पाय ओएस टाकली आणि व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे डब्ल्यूपीए सप्लिकंटची, म्हणजे वाय-फायचं नाव-पासवर्ड लिहिलेली, फाइल कार्डच्या बूट विभागात ठेवली. आता घरीसुद्धा नेटवर्कची यादी रिकामी येते. मग यूएसबीत लावायचा वाय-फाय डोंगल आणला, तोही चालेना. ते विचारतात, कोणता ड्रायव्हर टाकू?

मी सांगलीत राहतो. कुपवाड एमआयडीसीतले छोटे कारखाने, कोल्ड स्टोरेज आणि बेदाणा शेड यांच्यासाठी अशी मोजमापाची यंत्रं बसवून देतो. त्यामुळे तुमची अडचण रोजच्या ओळखीची आहे. माझ्या मते इथे ड्रायव्हर हा प्रश्नच नाही. तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि त्या एकावर एक चढल्या आहेत. शेडमध्ये जोडणी तुटणं ही मूळ अडचण. कार्ड नव्याने लिहिताना दुसरी आली, डोंगलबरोबर तिसरी. सोडवताना उलट्या क्रमाने जायचं: डोंगल काढून बाजूला ठेवा, घरात बोर्डावरचं वाय-फाय चालू करा, आणि मगच शेडकडे वळा.

‘वाय-फाय चालत नाही’ या एका वाक्यात निदान सहा तरी गोष्टी दडलेल्या असतात. बोर्डाला पुरेशी वीज मिळतेय का, वाय-फायची चिप लिनक्सला, म्हणजे बोर्डावरच्या ओएसला, दिसतेय का, त्या चिपला तिचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, मिळालंय का, रेडिओ सुरू करायला परवानगी आहे का, राउटरने पासवर्ड मान्य केला का, आणि शेवटी आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला बोर्डाचा क्रमांक, मिळाला का. यातली एक जागा अडली की पुढचं सगळं अडतं, आणि बाहेरून सगळं एकसारखंच दिसतं. म्हणून इंटरनेटवर सापडेल ती कमांड डकवत बसू नका. आधी जागा शोधा. प्रत्येक जागेसाठी एक छोटी तपासणी असते आणि तिला मिनिटभरही लागत नाही.

यादी रिकामी येतेय तिथून सुरुवात करू. टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांड द्या. वायरलेस लॅनच्या खाली ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असं आलं, तर रेडिओ सॉफ्टवेअरनेच बंद ठेवलाय. रास्पबेरी पाय ओएसमध्ये वाय-फायचा देश निवडेपर्यंत तो मुद्दाम बंद असतो, कारण कोणती वारंवारता किती ताकदीने वापरायची याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. ‘सुडो रास्पी-कॉन्फिग’ उघडा, लोकलायझेशनमध्ये डब्ल्यूलॅन कंट्री शोधा, भारत म्हणजे आयएन निवडा आणि रीबूट करा. तुमच्या वर्णनावरून अडचण इथेच असणार असं मला वाटतं. विकणाऱ्याच्या कार्डवर देश आधीच निवडलेला होता, फॉरमॅट केल्यावर तो गेला.

आता त्या फाइलबद्दल. व्हिडिओ चुकीचा नाही, जुना आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएसने नेटवर्कचा कारभार नेटवर्कमॅनेजर या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे दिला. बूट विभागात ठेवलेली डब्ल्यूपीए सप्लिकंटची फाइल तेव्हापासून वाचलीच जात नाही. चूक दाखवणारा संदेशही येत नाही, त्यामुळे माणूस तीच फाइल पुन्हा पुन्हा तपासत बसतो, स्वल्पविराम मोजतो, अवतरणचिन्हं बदलतो. ते सोडून द्या. कार्ड लिहितानाच रास्पबेरी पाय इमेजरच्या, म्हणजे कार्डवर ओएस लिहिणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि देश भरता येतो, तो सगळ्यात सरळ मार्ग. कार्ड आधीच लिहिलं असेल तर स्क्रीन आणि कीबोर्ड जोडा आणि ‘एनएमटीयूआय’ चालवा. बाणांच्या बटणांनी हलणारी साधी खिडकी येते. नेटवर्क निवडायचं, पासवर्ड टाकायचा, काम झालं. आयपी मिळालाय का ते तिथेच ‘आयपी ॲड्रेस’ कमांडने बघून घ्या. कोणताही व्हिडिओ पाहताना आधी त्याची तारीख बघा, २०२३ च्या आधीचा असेल तर नेटवर्कचा भाग तेवढा गाळून पुढे जा.

देश निवडल्यावर शेजाऱ्यांची नेटवर्कं दिसली पण तुमचं दिसलं नाही, तर कारण बहुधा बोर्डातच आहे. पाय थ्री मॉडेल बी २०१६ चा. वाय-फाय बोर्डावरच असलेला तो पहिला पाय, पण त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. ५ गिगाहर्ट्झ त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही. ते २०१८ च्या थ्री बी प्लसपासून आलं. फायबरवाल्यांनी दिलेले राउटर आता दोन्ही पट्ट्यांवर चालतात, आणि काही घरांत २.४ चा पट्टा बंद केलेला किंवा वेगळ्या नावाने ठेवलेला असतो. राउटरमध्ये जाऊन २.४ चालू आहे याची खात्री करा आणि त्याला वेगळं, साधं नाव द्या. सुरक्षेच्या ठिकाणी डब्ल्यूपीए थ्री (वाय-फायच्या पासवर्ड-सुरक्षेचा नवा प्रकार) किंवा टू-थ्री मिश्र असं काही निवडलेलं असेल, तर त्या २.४ च्या नावापुरतं नुसतं डब्ल्यूपीए टू ठेवा. जुन्या चिपा मिश्र प्रकारात अडखळतात. नाव दिसतं, पासवर्ड बरोबर असतो, तरी पुन्हा पुन्हा पासवर्ड मागितला जातो.

वाय-फायचा इंटरफेसच, म्हणजे ‘डब्ल्यूलॅन झिरो’ हे नाव, कुठेच दिसत नसेल तर मात्र फर्मवेअरकडे बघायचं. ‘डीमेसेज’ या कमांडने दिसणाऱ्या नोंदींमध्ये ‘बीआरसीएमएफमॅक’ शोधा, तो या चिपचा ड्रायव्हर आहे आणि कर्नलमध्ये, म्हणजे ओएसच्या गाभ्यातच, असतो. त्याच्या ओळीत ‘एरर उणे २’ आलं तर त्याचा अर्थ फाइल सापडली नाही, एवढाच. चिप मेलेली नाही. रास्पबेरी पायच्या स्वतःच्या ओएसवर हे सहसा होत नाही. साधं डेबियन टाकलं किंवा ऑरेंज पायसारखा दुसरा बोर्ड घेतला की हे हमखास समोर येतं, कारण तिथे चिपच्या फर्मवेअरबरोबर त्या-त्या बोर्डासाठीची एक छोटी मजकूर फाइलही लागते. त्या बोर्डांचं वाय-फाय किती चालेल हे बरंचसं त्यांच्या कर्नलवर अवलंबून असतं. म्हणून शेतात ठेवायच्या यंत्रासाठी मी शक्यतो रास्पबेरी पायच घेतो. थोडे पैसे जास्त जातात, पण ऐन हंगामात कोणाला फोन करावा लागत नाही.

इथपर्यंत घरात जोडणी झाली असेल. होईपर्यंत पुढे जाऊ नका.

डोंगलचं सांगतो, कारण ‘ड्रायव्हर कोणता’ हा प्रश्न तिथूनच आलाय. डोंगलच्या खोक्यावरची कंपनी महत्त्वाची नसते, आतली चिप महत्त्वाची. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत चिपही वेगळी निघते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा त्याचा प्रसिद्ध दाखला: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप आहे, दुसरीपासून रिअलटेकची. बाहेरून दोन्ही सारखेच. म्हणून डोंगल लावून ‘एलएसयूएसबी’ चालवा आणि त्याच्या ओळीतला चार-चार अक्षरांचा जोड-क्रमांक लिहून घ्या. चिपची ओळख त्याच्यावरूनच पटते.

तो क्रमांक ०बीडीए:१ए२बी असा आला, तर डोंगल अजून वाय-फाय झालेलाच नाही. काही रिअलटेक डोंगल जोडल्याबरोबर विंडोजचा ड्रायव्हर साठवलेली सीडी असल्याचं भासवतात. त्यांना सीडीच्या अवस्थेतून बाहेर काढायला ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचं पॅकेज लागतं. ते टाकून डोंगल काढून पुन्हा लावा, क्रमांक बदललेला दिसेल. खरा क्रमांक तोच.

त्यानंतर गिटहब या संकेतस्थळावरून ड्रायव्हरचा मूळ कोड उतरवून तो स्वतः बांधायचा, म्हणजे कंपाइल करायचा, सल्ला तुम्हाला पुष्कळ ठिकाणी मिळेल. टेबलावर शिकण्यासाठी जरूर करा. शेडमधल्या यंत्रासाठी करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. असा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा असतो. कर्नल अपडेट झालं की तो पुन्हा बांधावा लागतो, आणि तो बांधला गेला नाही तर यंत्राचा संपर्क जातो. संपर्क गेला की दुरुस्तीही दुरून करता येत नाही. डोंगल लागणारच असेल तर ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे असा घ्या. मीडियाटेकची एमटी७६०१यू ही चिप कर्नल ४.२ पासून, म्हणजे २०१५ पासून आत आहे. अथेरॉसची एआर९२७१ जुनी पण भरवशाची. दुकानदाराला चिपचं नाव माहीत नसेल तर परत करायच्या अटीवर घ्या. डोंगल वापरायचा ठरला की कॉन्फिग फाइलमध्ये बोर्डावरचं वाय-फाय बंद करा. नाहीतर दोघांपैकी कोण ‘डब्ल्यूलॅन झिरो’ आणि कोण ‘डब्ल्यूलॅन वन’ हे रीबूटनंतर बदलू शकतं.

आता शेड. इथे सॉफ्टवेअर जवळजवळ संपतं. वीज आणि रेडिओ, एवढे दोनच विषय उरतात.

आधी वीज. मॉडेल बी ला ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअरचा अडॅप्टर सांगितलेला आहे. शेडमध्ये मला बहुतेक वेळा मोबाइलचा चार्जर आणि त्याला जोडलेली लांब, बारीक केबल दिसते. चार्जरवर ५ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, पण ते चार्जरच्या टोकाला. हिशोब करून बघा. स्वस्त केबलमध्ये २८ गेजची तार असते, तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. एक मीटर केबलमधून वीज जाते आणि परत येते, म्हणून ०.४२ ओहम. बोर्ड आणि डोंगल मिळून एक अँपिअर ओढत असतील तर ०.४२ व्होल्ट केबलमध्येच जातात आणि बोर्डाला ४.५८ मिळतात. रास्पबेरी पाय साधारण ४.६३ च्या खाली गेला की कमी व्होल्टेजची नोंद करतो. वाय-फाय डेटा पाठवतं त्या क्षणी ओढ वाढते, म्हणजे जोडणी नेमकी कामाच्या वेळी तुटते. बघायला गेलं तर सगळं ठीक दिसतं.

हे तपासायला मल्टिमीटर पुरत नाही, कारण क्षणभराची घसरण तो सरासरीत झाकून टाकतो. बोर्ड स्वतः नोंद ठेवतो, ती वाचा. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड’ ही कमांड द्या. उत्तर ०एक्स० आलं तर वीज चांगली आहे. ०एक्स५०००० आलं तर सुरू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं, ०एक्स५०००५ आलं तर आत्ताही पडलेलं आहे. घरी आणि शेडमध्ये, दोन्हीकडे वाचा. शेडमध्ये दिवसभर चालू ठेवून, आजूबाजूच्या मोटारी सुरू होऊन गेल्यावर वाचा. फरक दिसला तर चांगला अडॅप्टर आणि आखूड, जाड केबल घेतल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावू नका.

वीज चांगली असूनही तुटत असेल तर रेडिओ. ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन झिरो लिंक’ या कमांडने सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे शक्ती मोजायच्या एककात, दिसतो, आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत निर्धास्त, उणे ७५ च्या पुढे तक्रारी सुरू, उणे ८० ला जोडणी नावापुरती. आकडा तीनने घसरला की शक्ती निम्मी होते, दहाने घसरला की दहावा हिस्सा उरतो. मोबाइलवर तीन काड्या दिसतात म्हणून पायलाही तेवढंच मिळेल असं नाही. त्याचा अँटेना म्हणजे बोर्डाच्या कोपऱ्यातला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा तुकडा. तो बोर्ड लोखंडी पेटीत बंद केला की उरलंसुरलंही जातं. पेटी प्लॅस्टिकची घ्या, आणि पत्र्याला किंवा अँगलला चिकटवून लावू नका.

बेदाणा शेडची एक खास गोष्ट आहे, ती बाहेरच्या कोणत्याही मार्गदर्शनात तुम्हाला मिळणार नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि ताज्या द्राक्षात पाच भागांतले चार भाग पाणी असतं. डिपिंग करून, म्हणजे द्राक्षं वाळवण्याआधी द्रावणात बुडवून, माल रॅकवर पसरला, खालपासून वरपर्यंत जाळीचे सगळे मजले भरले, की पाय आणि राउटरच्या मध्ये ओली भिंत उभी राहते. रिकाम्या शेडमध्ये उणे ६२ मिळालेला सिग्नल त्या दिवशी बराच खाली येतो. माल वाळत जातो तसा तो हळूहळू सुधारतो, कारण चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा होईपर्यंत तीन किलो पाणी उडून गेलेलं असतं. म्हणजे पहिल्या आठवड्यात, जेव्हा अवकाळीच्या भीतीने तुम्हाला आर्द्रतेचा आकडा सगळ्यात जास्त हवा असतो, तेव्हाच जोडणी सगळ्यात कच्ची असते. रिकाम्या शेडमध्ये चाचणी करून समाधान मानू नका. पाय रॅकच्या वर, आढ्याजवळ, राउटरच्या बाजूला लावा आणि फक्त सेन्सर तारेने खाली मालात सोडा.

घर आणि शेड यांत किती अंतर आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. वीस-पंचवीस मीटर असेल आणि मध्ये भिंती कमी असतील, तर राउटर घराच्या शेडकडच्या खिडकीत आणून भागेल. शंभर मीटरच्या आसपास असेल तर पायच्या स्वतःच्या वाय-फायवर विसंबू नका, डोंगलवरही नको. घराच्या गच्चीवर एक आणि शेडवर एक असे समोरासमोर तोंड केलेले, एकाच दिशेने लहरी सोडणारे आउटडोअर रेडिओ लावा. शेडकडच्या रेडिओतून लॅनची केबल पायच्या इथरनेटला जोडा. मग वाय-फायच्या चिपची, फर्मवेअरची, डोंगलची सगळीच कटकट मिटते. मध्ये द्राक्षबाग असेल तर दोन्ही रेडिओ मांडवाच्या बरेच वर हवेत. शंभर मीटरच्या २.४ च्या जोडणीला मधोमध सरळ रेषेच्या भोवती पावणेदोन मीटरपर्यंतची जागा लागते, त्यातली निम्म्याहून जास्त तरी मोकळी हवी. नुसती नजरेची रेषा पुरत नाही. जमिनीखालून सरळ लॅनची केबल टाकावी का, असंही लोक विचारतात. शंभर मीटरपर्यंत ती चालते, पण एप्रिल-मेच्या वळवाच्या विजांत लांब तांब्याची तार दोन्ही टोकांची यंत्रं घेऊन जाऊ शकते. उघड्या रानात मी ती टाळतो.

जोडणी टिकते पण मधूनमधून यंत्र उत्तरच देत नाही, असं असेल तर वाय-फायची वीजबचत बंद करा. नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीचं ‘पॉवरसेव्ह’ २ करायचं. दोन म्हणजे बंद, तीन म्हणजे चालू. गंधकाची धुरी देत असाल तर त्या खोलीत बोर्ड ठेवूच नका. ओलसर हवेत तो वायू यूएसबी आणि लॅनच्या खोबणीतले संपर्क खातो, आणि पुढच्या हंगामात तुम्ही पुन्हा ड्रायव्हर शोधत बसाल.

एक गोष्ट वाय-फाय कितीही चांगलं झालं तरी करा. या बोर्डावर बॅटरीवरचं घड्याळ नाही. लोडशेडिंगनंतर तो चालू होतो तेव्हा वेळ मागचीच धरतो आणि नेट मिळाल्यावरच दुरुस्त करतो. नेट उशिरा आलं तर मधल्या नोंदींवर चुकीची वेळ पडते, आणि वेळ फारच चुकली तर बोर्ड सर्व्हरचं सुरक्षा-प्रमाणपत्र नाकारतो आणि जोडणी होत नाही. तेव्हाही वाय-फाय बिघडलं असंच वाटतं. डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळ-मॉड्यूल बसवा. नोंदी आधी कार्डवर लिहा, नेट असेल तेव्हा पुढे पाठवा. दहा मिनिटांना एक तापमान आणि एक आर्द्रता म्हणजे डेटा नगण्य आहे, दोन तास नेट गेलं तरी काही हरवायला नको.

पुढचं नेमकं सांगायला मला चार गोष्टी लागतील: देश निवडल्यानंतरचं ‘आरएफकिल लिस्ट’चं उत्तर, घरातलं आणि शेडमधलं थ्रॉटल्डचं उत्तर, माल रॅकवर असताना शेडमधला सिग्नलचा आकडा, आणि घरापासून शेडपर्यंतचं अंतर, मध्ये काय आहे त्यासकट. डोंगल ठेवायचाच असेल तर त्याचा जोड-क्रमांकही पाठवा. रॅक भरायला अजून अवकाश असेल तर एखादाच मजला भरून आकडा घ्या आणि तसं नमूद करा, त्यावरूनही पुष्कळ कळेल.